प्रोस्टेट कॅन्सर : रेडिएशनच्या नियोजनासाठी स्कॅन का आणि कसे केले जातात?

"एमआरआय झाला, पेट स्कॅनही झाला. आता पुन्हा सीटी स्कॅन कशासाठी?" रेडिएशन घ्यायचे ठरले की घरच्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. खर्च आणि धावपळ पाहता तो रास्तही आहे. आधीच्या तपासण्या आजार किती आहे आणि कुठपर्यंत पसरला आहे हे सांगतात. नियोजनाचा स्कॅन मात्र किरण नेमके कुठे आणि किती द्यायचे हे ठरवण्यासाठी असतो.

इतका नेमकेपणा कशासाठी?

प्रोस्टेट ही साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या अगदी पुढे असते. प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्यात जेमतेम काही मिलिमीटरचे अंतर असते. किरण कमी पडले तर कॅन्सरच्या पेशी उरू शकतात. शेजारच्या अवयवांवर जास्त पडले तर शौचावाटे रक्त जाणे, लघवीला जळजळ होणे, वारंवार लघवी लागणे असे त्रास होऊ शकतात.

कोणता स्कॅन काय सांगतो?

- एमआरआय : प्रोस्टेटची कड आणि आतली गाठ यात सर्वांत स्पष्ट दिसते. नुसत्या सीटीवर प्रोस्टेट प्रत्यक्षापेक्षा थोडी मोठी वाटते.
- पीएसएमए पेट-सीटी : जास्त जोखमीच्या कॅन्सरमध्ये लसिका ग्रंथी किंवा हाडांत आजार पसरला आहे का, हे यातून कळते. पसरलेला आढळला तर उपचाराची दिशाच बदलू शकते.
- नियोजनाचा सीटी स्कॅन : किरण शरीरातून जाताना कुठे किती शोषले जातील, याचे गणित संगणक यावरून करतो. त्यामुळे एमआरआय झालेला असला तरी बहुतेक ठिकाणी हा स्कॅन लागतोच.

सिम्युलेशनच्या दिवशी काय होते?

नियोजनाच्या या स्कॅनला सिम्युलेशन म्हणतात. उपचाराच्या वेळी ज्या स्थितीत झोपायचे, त्याच स्थितीत तुम्हाला सपाट टेबलवर झोपवतात. गुडघ्यांखाली आधार देतात. त्वचेवर शाईच्या किंवा टॅटूच्या बारीक खुणा करतात. शाईच्या खुणा आंघोळीत घासून काढू नका.

त्याआधी शौचाला जाऊन पोट साफ करायचे असते. मग लघवी करून सांगितले तेवढे पाणी प्यायचे आणि ठरलेला वेळ थांबायचे. मूत्राशय भरलेले असले की आतडी वर सरकतात आणि मूत्राशयाचा बराचसा भाग किरणांपासून दूर राहतो. गुदाशय गॅस किंवा शौचाने फुगलेले असेल तर प्रोस्टेट पुढे ढकलली जाते. त्या दिवशी पोट साफ झाले नसेल तर संकोच न करता सांगा. स्कॅन थोडा उशिरा करता येतो, पण चुकीच्या स्थितीतल्या स्कॅनवर पुढचा सगळा उपचार बेतला जाऊ शकतो.

काही रुग्णांमध्ये आधी प्रोस्टेटमध्ये सोन्याचे तांदळाच्या दाण्याहून बारीक कण बसवतात. प्रोस्टेट रोज नेमकी कुठे आहे हे त्यांच्यामुळे कळते. हे कण कायम आत राहिले तरी अपाय होत नाही.

स्कॅननंतर लगेच उपचार का सुरू होत नाहीत?

सीटी आणि एमआरआयची चित्रे संगणकावर एकमेकांवर जुळवली जातात. डॉक्टर प्रत्येक चित्रावर प्रोस्टेट, मूत्राशय, गुदाशय आणि मांडीच्या हाडांची डोकी रेखाटतात. प्रोस्टेट थोडी हलते म्हणून तिच्याभोवती काही मिलिमीटरची जागा जास्त धरतात. त्यानंतर मेडिकल फिजिसिस्ट किरणांची योजना आखून तपासतात. याला काही दिवस ते एक-दोन आठवडे लागू शकतात. एवढ्या अवधीने सहसा नुकसान होत नाही.

उपचार सुरू झाल्यावरही स्कॅन

रेडिएशन ५ वेळा, २० वेळा किंवा त्याहून जास्त वेळाही दिले जाते. आधुनिक मशीनवर किरण देण्याआधी छोटा स्कॅन करून प्रोस्टेटची जागा नियोजनाशी ताडून पाहतात. मूत्राशय पुरेसे भरलेले नसेल तर तुम्हाला पाणी पिऊन थांबायला सांगतील. हा वेळ वाया जात नाही. म्हणून पाणी पिण्याची आणि शौचाची वेळ रोज एकच ठेवा. बद्धकोष्ठता किंवा गॅस असेल तर मनाने औषध न घेता डॉक्टरांना विचारा.

हे आधीच सांगा

- पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले इतर उपकरण
- खुब्याचा कृत्रिम सांधा (धातूमुळे चित्र अस्पष्ट होते)
- रक्त पातळ करण्याची औषधे
- मूत्रपिंडाचा आजार किंवा कॉन्ट्रास्टची ॲलर्जी
- बंद जागेची भीती
- लघवी रोखून धरता न येणे

बाहेरून दिलेल्या रेडिएशनमुळे रुग्णाच्या अंगात किरण उरत नाहीत. नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नाही. पेट स्कॅनच्या दिवशी मात्र काही तास लहान मुले आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवा.

ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या उपचाराचा निर्णय तुमच्या रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टशी बोलूनच घ्या. भेटीला जाताना आधीच्या स्कॅनचे रिपोर्ट आणि सीडी दोन्ही सोबत न्या. नियोजनासाठी मूळ चित्रे लागतात, नुसता रिपोर्ट पुरत नाही.