सामाईक जागा आणि राखीव प्रत

आजचा विषय दिसायला साधा आहे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली. आज ही सुरू करायची, उद्या ती. मग आपलं लेखन दोन्हीकडून दिसेल आणि बिघडणारही नाही, अशी जागा कोणती? या प्रश्नाला जवळजवळ अर्ध्या शतकाचा इतिहास आहे.

सुरुवात १९७७ची. मायक्रोसॉफ्टकडे फ्लॉपीसाठी 'फॅट' ही मांडणी तयार झाली. म्हणजे काय, तर फाइलचा कुठला तुकडा कुठे आहे, याचा एक तक्ता. ती इतकी साधी, की पुढे जवळपास प्रत्येक प्रणालीला वाचता-लिहिता आली. पण साधेपणाची किंमत असते. फाइल कुणाच्या मालकीची, याची तीत नोंद नाही. लिहिता लिहिता वीज गेली, तर अर्धवट काम निस्तरायला रोजकीर्द नाही. १९९६च्या 'फॅट३२'मध्येही चार जीबीची फाइल मावत नाही.

१९९३ साली विंडोज एनटीसोबत 'एनटीएफएस' आली. तिच्यात रोजकीर्द होती, मालकीही होती. पण तिचा तपशील खुला नव्हता. लिनक्सवाल्यांनी तो बाहेरून उलगडला. 'एनटीएफएस-३जी'ची स्थिर आवृत्ती २००७मध्ये आली, तेव्हा कुठे तिकडून भरवशानं लिहिता येऊ लागलं.

मग २०१२मध्ये विंडोज ८ आलं, आणि त्यात झटपट सुरू होण्याची सोय. आपण संगणक बंद करतो, पण विंडोज पुरतं बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून झोपी जातं. मधल्या वेळात लिनक्समधून त्याच विभागात काही लिहिलं, तर जागं झालेलं विंडोज जुन्या आठवणीवर विसंबून ते मोडू शकतं. म्हणून लिनक्स अशा वेळी बहुधा फक्त वाचू देतं. आपल्याला ती अडवणूक वाटते. खरं तर ती राखण असते. अशी सोय बंदच ठेवावी.

घड्याळाचंही तसंच. विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स बहुधा जागतिक वेळ. आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा. 'नवी असेल ती प्रत ठेव' असं सांगितलेला प्रोग्रॅम अशानं जुनीच प्रत नवी समजू शकतो.

आता 'एक्सफॅट' आहे. २०१९मध्ये तिचा तपशील खुला झाला, आणि लिनक्सच्या गाभ्यात तिला जागा मिळाली. मोठ्या फाइली मावतात. रोजकीर्द मात्र तिच्यातही नाही.

या इतिहासातून निघतं ते एवढंच, की सामाईक असणं वेगळं आणि सुरक्षित असणं वेगळं. सामाईक जागेत एका प्रणालीतून पुसलेलं दुसरीतूनही पुसलं जातं. ती जागा देवघेवीची. राखीव प्रत वेगळ्या डिस्कवर हवी, काम झालं की ती डिस्क काढून ठेवलेली, आणि आणखी एक प्रत घराबाहेर. अधूनमधून ती उघडूनही बघावी. न उघडलेली प्रत ही आपली श्रद्धा असते, ज्ञान नव्हे. हा भेद आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं वर्गात आयुष्यभर शिकवत आलो.

असो. आता प्रश्न घेऊ या.