जुन्या राजधानीतला एक दिवस : अजब बंगला, सावजी आणि छोटी लाईन

खापरखेड्याहून सकाळी निघून नागपुरात संग्रहालये पाहायची, मधे पोटभर जेवायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे, हा बेत कोराडी मार्गे सहज जमतो. शहरात पाहण्यासारखे जे आहे त्यातले बरेचसे नागपूर राजधानी असतानाच्या काळातले आहे. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निवर्तले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याचे मुख्य ठाणे झाले. पुढे त्याला वऱ्हाडची जोड मिळाली आणि स्वातंत्र्यानंतर याच प्रदेशाला मध्य प्रदेश हे नाव आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हा राजधानी भोपाळला गेली. महाराष्ट्र झाल्यावर नागपूरच्या वाट्याला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आले. कचेऱ्या हलल्या, पण जमवलेल्या वस्तू आणि वसलेली माणसे इथेच राहिली.

यातली सर्वांत जुनी ठेव म्हणजे सिव्हिल लाईन्समधले मध्यवर्ती संग्रहालय. लोक त्याला अजब बंगलाच म्हणतात. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत, १८६३ मध्ये ते सुरू झाले. नव्याने हाती आलेल्या मुलखात कोणती खनिजे सापडतात, कोणते लाकूड मिळते, कोणती माणसे राहतात, कोणते कापड विणले जाते, याची मोजदाद सरकारला हवी होती. १८६५ च्या डिसेंबरात नागपुरात भरवलेले कला, उद्योग आणि उत्पादनांचे मोठे प्रदर्शनही त्याच धोरणाचा भाग होते. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी त्याआधीच भूस्तर, जीवाश्म आणि गोंड समाजाचा अभ्यास करत होते. टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना, १८६३ च्या सप्टेंबरात ते ओढ्याच्या पुरात बुडाले. त्यांची टिपणे टेंपल यांनीच संपादून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. मध्य प्रांतातल्या आदिवासींविषयीचे ते एक आरंभीचे लेखन आहे. अजब बंगल्यातली आदिवासी जीवनाची दालने पाहताना ही पार्श्वभूमी माहीत असलेली बरी. त्या वस्तू जमवणाऱ्यांची नजर राज्यकर्त्यांची होती, तरी हत्यारे, दागिने आणि वाद्ये घडवणाऱ्यांचे कसब आजही तिथे डोळ्यांनी पाहता येते.

थोडा जास्त वेळ द्यावा तो गुंगेरियाच्या तांब्यासाठी. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावी १८७० मध्ये गुरे चारणाऱ्या मुलांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला. तिथे खणल्यावर तांब्याची ४२४ अवजारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. नुसते तांबेच पावणेचारशे किलोच्या घरात होते. चपट्या कुऱ्हाडी आणि लांब सळईसारखी अवजारे यांचे आकार साधे असले तरी इतका साठा एका जागी सापडणे दुर्मीळच. साठ्याचा मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला, काही वस्तू नागपूरला राहिल्या. बालाघाट आज दुसऱ्या राज्यात आहे, म्हणून हा ऐवज नागपुरात कसा, असे पाहणाऱ्याला वाटते. तेव्हा मात्र नागपूर हीच त्या जिल्ह्याची राजधानी होती. सकाळच्या वेळात सगळी दालने धावत पाहण्यापेक्षा पुरातत्त्व आणि आदिवासी ही दोनच निवांत पाहावीत. शस्त्रे, चित्रे आणि पेंढा भरलेले प्राणी पुढच्या खेपेला ठेवता येतात.

दुपारच्या जेवणाला सावजी खानावळ. ही चव हलबा कोष्टी विणकरांच्या घरातली. गोळीबार चौक, तांडापेठ या भागांत त्यांचे हातमाग चालत. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या कापडापुढे मागाची कमाई घटत गेली. विणकामावर घर चालेना तेव्हा अनेक कुटुंबांना स्वयंपाकाने हात दिला आणि घरचे मटण गिऱ्हाइकाच्या पानात आले. रश्श्याचा काळपट रंग सुके खोबरे, खसखस, धणे, दगडफूल, मिरे, सुंठ आणि लाल मिरची हे सारे भाजून वाटल्यामुळे येतो. जुनी फोडणी जवसाच्या तेलाची. कटावर तेलाचा तवंग येईपर्यंत मसाला परतला नाही तर तो सावजी नव्हेच. खूर आणि सुंडी हे पदार्थही इथलेच; मांसाचा कोणताही भाग वाया न घालवणाऱ्या कष्टकरी घरांची ती हातोटी. शाकाहारी माणसासाठी त्याच मसाल्यातली पाटोडी असते. सवय नसल्यास रस्सा कमी आणि ज्वारीची भाकरी जास्त घ्यावी, म्हणजे दुपारी फिरायला अंग हलके राहते.

दुपार मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयाची. २००२ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या जागेचे खापरखेड्याशी जवळचे नाते आहे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवर बंगाल नागपूर रेल्वेने इतवारीहून छिंदवाड्याकडे काढलेली छोटी लाईन कोराडी, खापरखेडा, पाटणसावंगी, सावनेर अशी जात असे. सातपुड्याच्या चढणीला आणि रेल्वेच्या मोजक्या भांडवलाला हीच रुंदी परवडणारी होती. आठवडी बाजाराची माणसे, दुधाचे कॅन, शाळा-कॉलेजची पोरे यांना शहर तिनेच जवळ आणले. ब्रॉडगेजसाठी २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली. खापरखेड्यासारख्या वीज केंद्राच्या गावात वाढलेल्या तरुण पिढीला नव्या रुंद रुळांचीच सवय होत आहे. मोतीबागेतली वाफेची इंजिने आणि जुने डबे पाहिले की आजोबांचा प्रवास कसा असे ते कळते.

परतीच्या वाटेवर सदर लागते. तिथल्या कॉफी हाऊसमध्ये कॉफी घ्यावी. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली उपाहारगृहे बंद केली, तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवली. ही परंपरा त्यातलीच. घरी न्यायला संत्रा बर्फी मिळते. बेत मात्र सोमवारी आखू नये, कारण त्या दिवशी अजब बंगला बंद असतो. डिसेंबरात अधिवेशनाच्या काळात सिव्हिल लाईन्सचे रस्ते बंदोबस्ताने अडतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा रविवार अधिक सोयीचा.