बुडालेल्याला श्वास : दोनशे वर्षांचा वळसा

पाण्यातून काढलेला निपचित माणूस मेलेलाच असतो असे नाही, हा विचार युरोपात अठराव्या शतकात रुजला. त्याआधी थंड पडलेले, श्वास थांबलेले शरीर म्हणजे प्रेत, असेच धरले जाई. प्रेत म्हटले की चौकशी आली. अपघाती मृत्यूचे शरीर अधिकारी येण्याआधी हलवले, तर आपल्यावरच बालंट येईल या भीतीने लोक हात लावायला धजत नसत. सराईवालेही असे शरीर आत घ्यायला नकार देत. पुष्कळ माणसे पाण्यात मरत नसत. काठावर आल्यावर, लोक उभे असताना मरत.

उपाय मात्र तोवर ठाऊक झाला होता. १७३२मध्ये स्कॉटलंडमधील अलोआ येथे विल्यम टॉसॅक या शल्यवैद्याने खाणीतल्या धुराने गुदमरलेल्या एका कामगाराच्या तोंडाला तोंड लावून फुंकर भरली आणि तो शुद्धीवर आला. १७४०मध्ये फ्रान्समध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञाची बुडालेल्यांना वाचवण्याविषयीची सूचनापत्रिका निघाली. तीतही फुप्फुसांत हवा भरण्याचा सल्ला होता. टॉसॅकने आपला अनुभव १७४४मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी जॉन फॉदरगिल या डॉक्टरने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या कृतीची बाजू मांडली. म्हणजे आज शिकवली जाते त्या कृतीचे मर्म अठराव्या शतकाच्या मध्याला छापील स्वरूपात उपलब्ध होते. उणीव होती ती काठावरच्या माणसाला पुढे आणणाऱ्या व्यवस्थेची.

ती व्यवस्था कालव्यांच्या शहराने उभी केली. १७६७मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये काही नागरिकांनी बुडालेल्यांना वाचवण्यासाठी मंडळ स्थापन केले. वाचवणाऱ्याला सुवर्णपदक किंवा सहा ड्युकाट मिळत. बुडालेल्याला घरात घेणाऱ्याचा खर्च मंडळ भरून देई. प्रत्येक घटनेची हकीकत साक्षीदारांसह मागवून छापली जाई. पहिल्या चार वर्षांत दीडशे जण वाचल्याचे मंडळाने नोंदवले. या आकड्यात बेशुद्ध झालेले, पण श्वास चालू असलेलेही किती होते हे आज वेगळे काढता येत नाही. तरीही मंडळाने सर्वांत मोठे काम केले ते औषधशास्त्राबाहेरचे. बुडालेल्याला हात लावणे हा गुन्हा नसून कर्तव्य आहे, हे त्याने पैसे मोजून, नावे छापून लोकांच्या मनात उतरवले. हँबर्ग, व्हेनिस, पॅरिस इथे लवकरच तसेच प्रयत्न सुरू झाले. पॅरिसमध्ये पिया या औषधविक्रेत्याच्या पुढाकाराने सीन नदीच्या काठी उपचाराच्या साहित्याच्या पेट्या ठेवल्या गेल्या.

लंडनमध्ये विल्यम हॉझ या डॉक्टरने सुरुवातीला स्वतःच्या खिशातून बक्षीस देऊ केले. वेस्टमिन्स्टर आणि लंडन ब्रिज यांच्या दरम्यान थेम्समधून वेळेत काढलेले शरीर जो आपल्याकडे आणील, त्याला पैसे मिळत. टॉमस कोगनने अ‍ॅमस्टरडॅमच्या हकीकतींचे इंग्रजी भाषांतर केले होते. १८ एप्रिल १७७४ रोजी हे दोघे प्रत्येकी पंधरा मित्रांना घेऊन एका कॉफी हाउसमध्ये जमले आणि बत्तीस जणांच्या त्या बैठकीतून पुढची रॉयल ह्यूमेन सोसायटी उभी राहिली. प्रयत्न करणाऱ्यांना दोन गिनी, यश आले तर चार. पैशाच्या लोभाने बुडण्याची सोंगे होऊ लागल्यावर रोख बक्षिसांऐवजी पदकांवर भर आला. नदीकाठच्या खानावळी आणि दुकाने या कामी जोडून घेतली गेली. हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तलावाकाठी तर खास उपचारघर बांधण्यात आले. तिथे लोक पोहायला येत आणि थंडीत गोठलेल्या पाण्यावर घसरायला.

उपचारांची यादी मात्र विचित्र होती. ऊब देणे, अंग चोळणे आणि श्वास भरणे यांच्या शेजारी रक्त काढणे, ओकारी आणणे आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणे हे प्रकार होते. धुराला जागा मिळाली ती आतड्यांना चेतवले की जीवनशक्ती जागी होते या समजुतीमुळे, आणि त्यासाठी भाता व नळी असलेले संच तयार होत. १८११मध्ये बेंजामिन ब्रॉडी याने तंबाखूतील विष हृदय थांबवू शकते, हे प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. तोवर हा उपचार मागे पडू लागला होता.

खरा वळसा इथून पुढे सुरू होतो, आणि तो अज्ञानामुळे पडलेला नाही. १७७०च्या दशकात प्रीस्टली आणि शीले यांनी प्राणवायू वेगळा केला, तेव्हा उच्छ्वासाची हवा म्हणजे वापरून संपलेली, निकामी हवा असे वाटू लागले. १७७६मध्ये जॉन हंटर या नामवंत शल्यवैद्याने तोंडाऐवजी दुहेरी भाता वापरावा असे सुचवले. प्रत्यक्षात बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो आणि उच्छ्वासात १६–१७ टक्के उरतो. बुडालेल्याला तो पुरेसा असतो. नव्या विज्ञानाच्या दबदब्यात हे लक्षात आले नाही. शिवाय परक्याच्या तोंडाला तोंड लावण्याची किळस होतीच. पुढे १८२०च्या दशकाअखेरीस फ्रान्समध्ये लरोआ देत्योल याने जोरात चालवलेला भाता फुप्फुसे फोडू शकतो हे दाखवले आणि भाताही गेला. तोंड आधीच गेले होते. उरले फक्त हात.

त्यानंतरचे शतक शरीर दाबून हवा खेळवण्याच्या युक्त्यांचे. १८५६मध्ये मार्शल हॉलने बुडालेल्याला कुशीवरून पालथे आणि पुन्हा कुशीवर असे लोळवण्याची रीत मांडली. उताणे ठेवल्यास जीभ मागे पडून घसा बंद होतो, हे त्याने अचूक ओळखले होते. तरी दोनच वर्षांनी सिल्व्हेस्टरने रुग्णाला उताणे ठेवून हात डोक्यावर ओढण्याची आणि मग छातीवर दाबण्याची पद्धत आणली. १९०३मध्ये एडवर्ड शेफरने पालथ्या माणसाच्या पाठीच्या खालच्या भागावर दाब देण्याची पद्धत सुचवली, तर १९३२मध्ये डेन्मार्कच्या होल्गर नील्सनने त्यात हात उचलण्याची भर घातली. या पद्धती शाळांत, पोलिसांत, सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेल्या, आणि त्यांच्या भरवशावर कितीतरी लोक पाण्याकाठी प्राणपणाने राबले.

१९४६मध्ये अमेरिकेतील मिनीआपोलिसच्या पोलिओ वॉर्डात जेम्स एलाम या डॉक्टरने निळे पडलेले मूल स्वतःच्या श्वासाने वाचवले. मग उच्छ्वासाच्या हवेवर रक्तातील प्राणवायूची पातळी टिकते, हे त्याने मोजून सिद्ध केले. बाल्टिमोरच्या पीटर साफारने १९५७च्या सुमारास स्वेच्छेने पुढे आलेल्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना गुंगी व स्नायू शिथिल करणारी औषधे देऊन त्यांचा श्वास थांबवला आणि निरनिराळ्या पद्धती तपासल्या. हातांनी दाबण्याच्या पद्धतींत अनेकदा हवा आत जातच नव्हती, कारण घसा बंद असे. मान मागे झुकवून हनुवटी वर उचलली की वाट मोकळी होई, आणि मग शाळकरी बालवीरसुद्धा तोंडाने श्वास देऊ शकत. या स्वयंसेवकांचे ऋण फार मोठे आहे. १९६०मध्ये कौवेनहोव्हन आणि सहकाऱ्यांनी छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची कृती प्रसिद्ध केली आणि श्वास व दाब एकत्र आले. त्याच सुमारास आस्मुन लेर्डाल या नॉर्वेच्या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने सरावासाठी ‘अ‍ॅन’ ही बाहुली तयार केली. आपल्या लहान मुलाला त्याने स्वतः बुडताना वाचवले होते.

तरीही जुन्या समजुती टिकून आहेत. बुडालेल्याच्या पोटात पाणी साचले आहे आणि ते आधी काढले पाहिजे, ही त्यांतली सर्वांत घट्ट. युरोपात पिंपावर लोळवत, महाराष्ट्रातल्या गावांत आजही पालथे घालून पोट दाबतात. अमेरिकेत हेन्री हाइमलिख यांनी पोटाला झटका देण्याची आपली युक्ती बुडालेल्यांसाठीही सुचवली होती. तज्ज्ञांनी ती फेटाळली. पोट दाबल्याने ओकारी घशात येते आणि मोलाची मिनिटे जातात. बुडण्यात हृदय थांबते ते प्राणवायू संपल्यामुळे. म्हणून प्रौढांच्या अचानक हृदयविकारासाठी सांगितला जाणारा केवळ छातीदाबाचा उपाय इथे अपुरा पडतो. युरोपीय मार्गदर्शनात सुरुवातच पाच श्वासांनी होते.

बुडणाऱ्यांची मोजणी आणि त्याला आळा घालण्याचे शास्त्र फार उशिरा आले. २००२मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्याच जागतिक परिषदेत ‘बुडणे’ याची एकच व्याख्या ठरली : द्रवात शिरल्याने किंवा त्यात अडकल्याने श्वसनात अडथळा येण्याची प्रक्रिया. जगलेला आणि दगावलेला दोघेही तिच्यात बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४मध्ये वर्षाला ३,७२,००० मृत्यूंचा अंदाज दिला, आणि २५ जुलै हा दिवस २०२१पासून संयुक्त राष्ट्रांनी बुडण्याच्या प्रतिबंधासाठी ठेवला आहे. सर्वांत उपयुक्त धडा बांगलादेशातून आला. तिथे लहान मुले घराजवळच्या तळ्यांत बुडतात, बहुधा सकाळी, आई घरकामात आणि वडील शेतात असताना. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीच्या देखरेखीखाली सकाळचे काही तास चालणाऱ्या ‘आंचल’ या पाळणाघरांतील मुलांमध्ये अशा मृत्यूंचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०१२च्या अभ्यासात दिसले. मोठ्या मुलांना तळ्यात बांबूचा मंच बांधून पोहायला आणि दुसऱ्याला वाचवायला शिकवले जाते. बुडणाऱ्याकडे स्वतः उडी न घेता काठी, दोर किंवा तरंगणारी वस्तू पुढे करायची, हा त्या शिकवणीतला एक पाठ असतो.