ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड घेताय? आधी चिपसेट बघा
कोल्हापुरात राजारामपुरीत मदरबोर्ड बघायला गेलात, तर आरजीबी लाइट नंतर, आधी चिपसेटचं अक्षर वाचा. इंटेलचा 'के' प्रोसेसर, उदा. आय५-१३६००के, ओव्हरक्लॉक करायचा तर झेड७९०सारखा झेड बोर्ड लागतो. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. म्हणजे 'के'साठी मोजलेले जादा पैसे बरेचसे वायाच. एएमडीचं बरंय, रायझन ५ ७६०० साधा बी६५० वरही ओव्हरक्लॉक होतो. ए६२० वर मात्र नाही.

मग व्हीआरएम. प्रोसेसरला वीज देणारा हा भाग फार तापला की वेग खाली येतो, आणि मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत तो लवकर तापतो. त्यावर जाड हीटसिंक हवाच. नुसतं गेमिंग करणार असाल तर बी बोर्ड घ्या, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.