विलीज जीपचे ड्रम ब्रेक
विलीज जीपचे ड्रम ब्रेक ही जुन्या जीपगाड्यांच्या चारही चाकांवर बसवलेली, द्रवदाबावर चालणारी ब्रेक यंत्रणा होय. दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी (१९४१–१९४५) आणि त्यानंतरची सीजे-३बी (१९५३–१९६८) या जीपमध्ये ती आढळते. विलीजच्या परवान्याने महिंद्रा आणि महिंद्रा या कंपनीने मुंबईत जीपची जुळणी व पुढे उत्पादन केले, त्यामुळे या प्रकारच्या गाड्या भारतात आजही वापरात व संग्रहात आहेत.

रचना

ड्रमचा आतील व्यास ९ इंच (सुमारे २२९ मिमी) असून लायनरची रुंदी पावणेदोन इंच असते. प्रत्येक चाकात दोन ब्रेक शू असतात. त्यांची खालची टोके अँकर पिनांवर टेकलेली असतात, तर वरची टोके व्हील सिलिंडरच्या दट्ट्यांमुळे बाहेर ढकलली जातात. गाडी पुढे जात असताना पुढचा शू ड्रमच्या फिरण्यामुळे आणखी घट्ट दाबला जातो. त्याच्यावर अधिक भार येत असल्याने त्याचे लायनर मागच्या शूच्या लायनरपेक्षा लांब असते. दोन्ही शू अदलाबदल करून बसवल्यास ब्रेकची पकड कमी होते.

मास्टर सिलिंडर गाडीच्या तळपत्र्याखाली असतो व पत्र्यातील झाकण काढून त्यात ब्रेक ऑइल भरतात. तो एकाच कप्प्याचा असून चारही चाके एकाच मार्गाने जोडलेली असतात. त्यामुळे एका चाकात गळती झाली तरी पेडलचा सर्व दाब नाहीसा होतो. एमबीच्या हातब्रेकचा पट्टा ट्रान्सफर केसच्या मागील ड्रमवर आवळला जातो. तो द्रवदाबावर अवलंबून नसल्याने अशा प्रसंगी तेवढाच आधार उरतो.

तपासणी

ओढा, चिखल व वाळूतून गेल्यावर पाणी आणि कण ड्रममध्ये शिरतात. ओल्या लायनरची पकड तात्पुरती घटते. अशा वेळी सावकाश चालताना पेडल हलके दाबून लायनर सुकवतात. आत राहिलेल्या वाळूने मात्र ड्रमवर चरे पडतात, म्हणून चिखलातील वापरानंतर ड्रम उघडून पाहणे आवश्यक ठरते.

एमबीच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. सीजे-३बीच्या मागील ॲक्सलचा दांडा निमुळता असल्याने हब काढण्यास पुलर लागतो. हातोडीच्या घावांनी बेअरिंगला इजा होऊ शकते. झिजलेल्या ड्रमला कड आली असल्यास आधी शू सैल करून घ्यावे लागतात.

उघडल्यावर पुढील बाबी पाहतात :

* लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजले आहे का. रिव्हेट ड्रमला घासण्यापूर्वीच लायनर बदलतात.
* लायनरवर ब्रेक ऑइल, गिअर ऑइल वा ग्रीस आले आहे का. असे लायनर पुसून वापरत नाहीत. गळके सील बदलून त्याच ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना नवे लायनर बसवतात.
* व्हील सिलिंडरचे रबरी आवरण उचलल्यावर आत ओल आहे का. ओल असल्यास वॉशर बदलतात. आतील भिंतीवर गंजाचे खड्डे असल्यास सिलिंडरच बदलतात.
* रबरी नळ्यांना चिरा व धातूच्या नळ्यांना गंज आहे का.

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे गंभीर आजार होतात, म्हणून ती हवेच्या झोताने उडवत नाहीत, तर ओल्या फडक्याने पुसतात.

समायोजन

चाक उचलून धरून मागच्या पाट्यावरील षट्कोनी डोक्याचा विकेंद्री बोल्ट शू ड्रमला लागेपर्यंत फिरवतात आणि चाक मोकळे फिरेल इतकाच परत घेतात. प्रत्येक शूसाठी असा स्वतंत्र बोल्ट असतो. अँकर पिनांना सहसा नवे लायनर बसवतानाच हात लावतात. पेडलला अर्धा इंच मोकळी चाल ठेवतात. ती नसल्यास मास्टर सिलिंडरमधील परतीचे छिद्र बंद राहते, दाब उतरत नाही आणि ब्रेक धरून राहतात.

ब्रेक ऑइल

ग्लायकोलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रकाराचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २०५° से., तर ओलावा शोषल्यावर १४०° से. धरला जातो. लांब घाटउतारावर ड्रम तापून ऑइल उकळल्यास नळीत वाफ होते व पेडल तळाला जाते. म्हणून ऑइल ठरावीक काळाने पूर्ण बदलतात आणि मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करून नळीतील हवा काढतात. रबरी भाग रॉकेल, पेट्रोल वा इंजिन ऑइलने धुतल्यास फुगतात, त्यामुळे ते स्वच्छ ब्रेक ऑइलनेच धुतात.