दुसरी प्रत, दुसऱ्या गावी

जपून ठेवायचा कागद आपण कुठे ठेवतो? कपाटात. त्याची नक्कल करा म्हटले, तर नक्कलही त्याच कपाटात जाते! मग वाळवी लागो, आग लागो की पाणी शिरो, मूळ आणि नक्कल एकाच वाटेने जातात. ठाण्याच्या इतिहासात या गोष्टीचा चांगला धडा आहे.

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना एक ताम्रपट सापडला. तो शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा. दान सूर्यचंद्र असेतो चालावे म्हणून राजे तांब्यावर अक्षरे कोरवीत. तांबे टिकते खरे; पण मातीआड गेले, की ते वाचणार कोण? या लेखाचे इंग्रजी भाषांतर १७८८ साली कलकत्त्याला ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात छापले गेले. ठाण्याचा मजकूर दूरदूरच्या ग्रंथालयांत पोचला. आता तो एका पत्र्यावर अवलंबून राहिला नाही.

पण लांब ठेवले म्हणजे भागले, असेही नाही बरं का! म्हाइंभटाच्या लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि ती आठवणीतून पुन्हा सिद्ध केली, असे महानुभावांची परंपरा सांगते. पुढे पंथाच्या पोथ्या मठामठांतून पसरल्या, पण सांकेतिक लिपीत. बाहेरच्या माणसाला पोथी मिळाली तरी ती मुकीच! विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांना लिपीची किल्ली गवसली, तेव्हा कुठे हे भांडार सर्वांना खुले झाले.

यांतले विनायक लक्ष्मण भावे ठाण्याचेच. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले, त्यात त्यांचा पुढाकार होता. १९०३ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ मासिक काढून जुनी काव्ये छापायला घेतली. एका घरच्या फडक्यात बांधलेली पोथी अशी शेकडो घरी गेली. याच ग्रंथसंग्रहालयाने आपल्या काळात दुर्मिळ पुस्तकांच्या डिजिटल प्रती करून त्या इंटरनेटवर ठेवल्या. साधन बदलले, हिशेब तोच.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी कल्याण परिसरात शिरले. अशा दिवशी एका आळीतली दोन कपाटे म्हणजे एकच कपाट! तेव्हा वाचकहो, आपल्या मंडळाचे किंवा शाळेचे संकेतस्थळ असेल, तर त्याची एक प्रत दूरच्या शहरातल्या संगणकावर ठेवावी. तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड, दोघांना तरी ठाऊक असावा. आणि अधूनमधून ती प्रत उघडून पाहावी. न उघडणारी प्रत काय, आणि न वाचता येणारी पोथी काय, दोन्ही सारख्याच.