मुलकी, गैरमुलकी आणि पैनगंगा

हिमायतनगरहून (जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात) पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. कापूस तोच, सोयरिकी दोन्हीकडे. पण मेडिकलच्या प्रवेशात ही नदी २०२० पर्यंत फारच रुंद होती.

"तू कुठला?" हा प्रश्न आपल्याकडे निजामाच्या काळापासूनचा. तेव्हा शब्द होता मुलकी. सरकारी नोकरीसाठी मुलकी असावं लागे: एकतर जन्माने संस्थानची रयत, नाहीतर पंधरा वर्षं कायम वास्तव्य आणि वर 'मूळ गावी परत जाणार नाही' असं प्रतिज्ञापत्र. नुसतं राहणं पुरेसं नाही, राहण्याचा इरादाही कागदावर हवा! १९५२ मध्ये हैदराबाद, वरंगळकडचे विद्यार्थी गैरमुलकींविरुद्ध रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, काही पोरं गेली.

पुढे १९५५ मध्ये इंदूरच्या मेडिकल कॉलेजच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जन्मस्थान वेगळं आणि निवास वेगळा. जन्मस्थानावरून भेदभाव नको, निवासावरून फरक चालेल. आजची डोमिसाईलची भानगड त्याच वाटेने आली.

मराठवाडा मात्र महाराष्ट्रात येताना थोडा घाबरलेलाच होता. म्हणून १९५३ च्या नागपूर करारात तांत्रिक शिक्षणाच्या प्रवेशांत वाटा मागून घेतला. घटनेच्या ३७१ (२) मध्येही तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींची तरतूद आली. त्याच विचारातलं पुढचं पाऊल म्हणजे ७०:३०. मेडिकलच्या ७० टक्के जागा त्या-त्या विभागाच्या, ३० टक्के राज्यभरासाठी. आणि विभाग ठरणार बारावी कुठून केली त्यावरून. म्हणजे वाढोण्याच्या पोराने नदीपलीकडे बारावी केली की तो विदर्भाचा! घर, शेत, आजी सगळं अलीकडे असलं तरी.

गंमत पुढे आहे. लातूर, नांदेडच्या पोरांनी मार्कांचा डोंगर रचला, पण मराठवाड्यात कॉलेजं मोजकी. इकडची पोरं चांगल्या मार्कांवर अडायची, दुसऱ्या विभागात कमी मार्कांवर प्रवेश व्हायचा. संरक्षणाचं कुंपण कोंडवाडा झालं. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये लातूरचेच अमित देशमुख वैद्यकीय शिक्षणमंत्री असताना ते रद्द झालं. मला ते योग्यच वाटतं, पण मूळ मागणी चुकीची होती असं मात्र मी म्हणणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पदव्युत्तर मेडिकलमधलं निवासावरचं आरक्षणही घटनाबाह्य ठरवलं. एमबीबीएसला ते अजून चालतं. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी डोमिसाईल हवं आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून. अपवाद आहेत, पण थोडे. त्यामुळे नातेवाईकांनो, पोराला अकरावीला हैदराबादला धाडायच्या आधी हे बघा. इथला हक्क जाईल आणि तेलंगणाही आपला मानणार नाही, त्यांना चार वर्षांचं शिक्षण तिथलंच लागतं.